सॉकेट नेमकी कशाची हमी देते?

मोबाइलवरचा निरोप असो, बँकेचा व्यवहार असो की रेल्वेचे आरक्षण, दूरच्या दोन यंत्रांवरचे प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात ते सॉकेटमधून. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेने १९८३ मध्ये युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ती काढली आणि तिच्याबरोबर ही सोय सर्वदूर पसरली. त्याच वर्षी १ जानेवारीला अर्पानेटने टीसीपी/आयपी ही नियमावली स्वीकारली होती. तारा, राउटर, वाटेत हरवणारी पाकिटे यांतले काहीही प्रोग्रॅमरला दिसू नये, फाइलमध्ये लिहावे-वाचावे तसे त्याने सॉकेटमध्ये लिहावे-वाचावे, अशी ही रचना आहे. ती इतकी सुबक आहे की तिच्यातूनच एक गैरसमज उभा राहतो: ‘सेंड’ यशस्वी झाले, म्हणजे निरोप पोहोचला. प्रत्यक्षात सॉकेटची हमी याहून बरीच तोकडी आहे. ती जाणीवपूर्वक तोकडी ठेवलेली आहे आणि माझ्या मते तेच शहाणपणाचे आहे.

सॉकेटमागे बहुधा यातली टीसीपी काम करते, आणि तिची हमी फक्त बाइटपुरती असते: पाठवलेले बाइट त्याच क्रमाने मिळतील, मधला एकही गळणार नाही, एकही दुबार येणार नाही. निरोप कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, याची टीसीपीला दखलच नसते. एका नळीत दोन बादल्या ओतल्या तर पलीकडे पाणी मिळते, बादल्या नाहीत, तसेच हे. ‘नमस्कार’ हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये त्यात सात चिन्हे आहेत: न, म, स, हलन्त, क, काना आणि र. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे सॉकेटमधून २१ बाइट निघतात. पलीकडच्या ‘रिसीव्ह’ला त्यातले आधी दहाच मिळाले, तर हाती येतात ‘न’, ‘म’, ‘स’ आणि हलन्ताचा एक तृतीयांश तुकडा. प्रोग्रॅमने त्या दहा बाइटांचे लगेच अक्षरांत रूपांतर करायला घेतले, तर पडद्यावर प्रश्नचिन्हाचा चौकोन तरी उमटतो किंवा प्रोग्रॅम तरी कोसळतो. आणि ही चूक चाचणीत सहसा सापडतच नाही. दोन्ही प्रोग्रॅम एकाच यंत्रावर चालवून पाहिले, तर लिनक्समध्ये अंतर्गत पाकिटाची मर्यादा ६५,५३६ बाइट असते, त्यामुळे बहुतेक निरोप एकसंध येतात. खऱ्या जाळ्यावर इथरनेटचे पाकीट सहसा जास्तीत जास्त १,५०० बाइटांचे असते आणि शीर्षके वजा जाता मजकुराला साधारण १,४६० उरतात. तिथे निरोप फाटू लागतात, कधी दोन निरोप एकमेकांना चिकटून येतात.

‘सेंड’चे यश तर याहूनही कमी सांगते. सेंड परत आले, याचा अर्थ आपल्याच यंत्राच्या कर्नेलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, बाइट आपल्या बफरमध्ये घेतले, एवढाच. पलीकडचे यंत्र त्याच क्षणी वीज जाऊन बंद पडले असले, तरी सेंड यश कळवते. नंतर कर्नेल पोच येईना म्हणून तेच बाइट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, आणि लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत हार मानायला त्याला साधारण पंधरा मिनिटे लागतात. पोच आली, तरी ती समोरच्या कर्नेलची असते. तिथला प्रोग्रॅम ते बाइट वाचण्याआधीच मेला असेल, तर पाठवणाऱ्याला पोचेवरून ते कळत नाही.

मग यावर साहजिक आक्षेप येतो: इतके कच्चे काम करणाऱ्याला ‘विश्वासार्ह’ का म्हणायचे? निरोपांच्या सीमा आणि पक्की पोच हे सारे जाळ्यानेच का सांभाळू नये? याचे उत्तर जेरोम सॉल्ट्झर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क यांनी १९८४ च्या त्यांच्या गाजलेल्या निबंधात दिले आहे, आणि त्यात एमआयटीमधली एक खरी घटना आहे. तिथली स्थानिक जाळी गेटवे-संगणकांनी जोडलेली होती आणि प्रत्येक टप्प्यावर मजकुराची तपासणी होत असे. तेवढ्यावर विसंबून प्रोग्रॅमरांनी टोकाला वेगळी तपासणी ठेवली नाही. एका गेटवेत मात्र मजकूर एका बफरमधून दुसऱ्यात घेताना दर दहा लाख बाइटांमागे साधारण एकदा बाइटांची जोडी उलटीपालटी होऊ लागली. टप्प्यांवरची तपासणी तारेवरच्या चुका पकडत होती, ही चूक तर गेटवेच्या पोटातच घडत होती. एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ फाइली त्याच वाटेने वारंवार जात राहिल्या आणि त्यांतल्या काही बिघडल्या. शेवटी जुन्या छापील प्रतींशी ताडून त्या हाताने दुरुस्त कराव्या लागल्या. मधल्या वाटेवर कितीही पहारे बसवले, तरी काम झाले की नाही हे फक्त दोन टोकांनाच ठरवता येते. टोकांना ती तपासणी करावीच लागणार असेल, तर मधल्यांवर तोच भार घालणे बहुतेक वेळा वाया जाते. सॉकेटमधून टीसीपीऐवजी वापरता येणारी यूडीपी ही दुसरी नियमावली निरोपांच्या सीमा राखते हे खरे, पण ते पोहोचण्याची हमीच देत नाही, आणि थेट आवाजाच्या संभाषणाला तेच परवडते, कारण उशिरा आलेला तुकडा तिथे निरुपयोगी असतो. सगळ्यांवर एकच पक्की हमी लादली असती, तर अशा कामांचे नुकसान झाले असते.

आता सॉकेट हाताने कोण लिहितो, तयार लायब्ररी हे सारे करतातच की, असेही म्हटले जाते. सीमांपुरते ते बरेचसे खरे आहे. एचटीटीपीत उत्तराआधी मजकुराची लांबी सांगण्याची सोय आहे. पण ती लांबी बाइटांत द्यायची असते, आणि ती अक्षरांत मोजणारा प्रोग्रॅम इंग्रजीत वर्षानुवर्षे बिनबोभाट चालतो, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट. मराठी मजकूर येताच ‘नमस्कार’ची लांबी सात सांगितली जाते आणि घेणारा ‘नम’ व पुढचा एक बाइट घेऊन थांबतो. अर्थाची जबाबदारी तर कोणत्याच लायब्ररीला उचलता येत नाही. पैसे पाठवण्याची विनंती गेली आणि उत्तर आलेच नाही, तर दोन शक्यता उरतात: विनंती वाटेतच हरवली, किंवा काम होऊन उत्तर हरवले. पाठवणाऱ्या टोकाला दोन्ही अगदी सारख्याच दिसतात. पुन्हा पाठवावे तर पैसे दोनदा जाण्याची भीती, न पाठवावे तर एकदाही न जाण्याची. म्हणून जाणती व्यवस्था प्रत्येक विनंतीला स्वतःचा क्रमांक देते आणि पुन्हा पाठवताना तो बदलत नाही. घेणारे टोक तो आपल्या नोंदीत शोधते, आणि सापडला तर खात्याला हात न लावता आधीचेच उत्तर परत पाठवते.