ठिबकच्या अनुदानास अर्ज करावा काय ?

माण, खटाव, जत व आटपाडी या तालुक्यांतील शेतकरी बंधूंपुढें हा प्रश्न नेहमीं उभा राहतो. १८८३ च्या कायद्यान्वयें मिळणारी तगाई फेडावी लागे. हें अनुदान फेडावयाचें नाहीं, म्हणून तें फुकट आहे असें मात्र समजूं नये. केंद्र सरकारनें अल्प व अत्यल्प भूधारकांस शेंकडा ५५ व इतरांस ४५ असें प्रमाण ठरविलें. २०२१ सालीं राज्यानें त्यांत अनुक्रमें २५ व ३० ची भर घातली. परंतु हें प्रमाण दुकानदाराच्या बिलावर नव्हे, सरकारी खर्चमर्यादेवर मोजलें जातें. त्याहून अधिक खर्च ज्याचा त्यानें सोसावयाचा. शिवाय पूर्वसंमतीवांचून खरेदी केल्यास अनुदान मिळत नाहीं, आणि संमतीनंतरही संच बसवून तपासणी झाल्यावरच रक्कम खात्यांत येते. तोंवर पैसा सावकाराचा असेल तर व्याजच लाभ खाऊन टाकील. आणखी एक गोष्ट, जिचा विचार फार थोडे करितात : विहिरीस चैत्रांत पाणी किती तास टिकतें ? नळ्या पाणी वांचवितात, निर्माण करीत नाहींत. पाणी टिकत असून ज्यास स्वतःचा पैसा कांहीं महिने अडकवितां येईल त्यानें अर्ज जरूर करावा. ज्याची विहीर माघांतच आटते त्यानें आधीं विहिरीकडे पाहावें.