शिपाई ‘लादेरूत’चा वंशवृक्ष

आपल्याकडे कुलवृत्तांत लिहायला घेतलेला माणूस त्र्यंबकेश्वर नाहीतर काशी गाठतो. तीर्थोपाध्यायांच्या जुन्या वहीत पणजोबांचे नाव दिसले, की त्याचा ऊर भरून येतो. कॅनडातल्या क्विबेक प्रांतात हे काम चर्चच्या नोंदवह्या करतात. तिथल्या कितीतरी कुटुंबांचा शोध मागे मागे जात १६६५ सालच्या एखाद्या फ्रेंच शिपायापाशी येऊन थांबतो.

त्या साली चौदाव्या लुईने कारिन्यान-सालिएर ही पलटण सेंट लॉरेन्स नदीकाठच्या आपल्या वसाहतीत धाडली. माणसे सुमारे बाराशे. १६६८ मध्ये पलटण मायदेशी परतली. पण चारशेच्या आसपास शिपाई तिथेच राहिले. त्यांनी जंगल तोडले, जमीन कसली, संसार मांडले.

त्यांतलाच एक फ्रान्स्वा सेगँ. उत्तर फ्रान्समधल्या बोव्हे शहराजवळच्या खेड्यात तो १६४४ साली जन्मला. १६७२ मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या बूशेरव्हीलला त्याचे लग्न झाले आणि १७०४ मध्ये तो वारला. शिपायांना टोपणनावे असत. सेगँचे होते ‘लादेरूत’, म्हणजे चक्क ‘दाणादाण’! गंमत अशी, की ही टोपणनावे पुढे आडनावे होऊन बसली. त्याच्या वंशात काही सेगँ राहिले, काही लादेरूत झाले. आपल्याकडे एकाच घराण्यातली एक शाखा गावाचे नाव लावते आणि दुसरी हुद्द्याचे, तसाच प्रकार. शोधणाऱ्याने दोन्ही नावांनी शोधले नाही, तर धागा तुटलाच म्हणायचा.

सेगँची बायको झान पेती ही ‘राजाच्या मुलीं’पैकी. १६६३ ते १६७३ या काळात सरकारी खर्चाने सुमारे आठशे स्त्रिया या वसाहतीत पाठवल्या गेल्या. त्यांत पोरक्या मुली पुष्कळ. पण चर्चच्या वहीत लग्नानंतरही त्यांचे माहेरचे नाव कायम राहिले. त्यामुळे आईची आई, तिची आई असाही माग काढता येतो. आपल्या छापील वंशावळी आठवून पाहा. त्यांत मुलगे, नातू, पणतू ओळीने असतात. सुना मात्र बहुधा कुठेच नसतात.

माझी हयात बँकेत गेली, त्यामुळे मला भावली ती आणखी एक गोष्ट. १६६७ च्या राजाज्ञेने चर्चची नोंदवही दोन प्रतींत ठेवायला सांगितले. एक प्रत चर्चपाशी, दुसरी न्यायालयाच्या दप्तरात. एक जळाली तरी दुसरी उरावी! अशाच वह्यांच्या आधारे मॉन्ट्रियल विद्यापीठाने १९६६ पासून त्या लोकसंख्येची कुटुंबे पुन्हा जुळवायला घेतली.

इतका चोख हिशेब पाहून मन प्रसन्न होते. पण मग प्रश्न पडतो, ही पलटण तिथे आली होती कशासाठी? मोहॉक लोकांशी लढण्यासाठी. ऑक्टोबर १६६६ मध्ये फ्रेंच फौज त्यांच्या गावांवर चालून गेली. माणसे आधीच निघून गेली होती. फौजेने घरे जाळली, उभी पिके आणि साठवलेला मका जाळला. पुढे हिवाळा होता. १६६७ मध्ये तह झाला. त्यानंतरच्या शांततेत वसाहतीतली शेते वाढली आणि बारशांच्या नोंदी वाढत गेल्या.

त्या हिवाळ्यात मोहॉकांच्या किती घरांत चूल पेटली नाही, याची नोंद चर्चच्या वहीत सापडायची नाही. ती वही त्यांची नव्हतीच. त्यांच्यात कूळ आईकडून चालते आणि ते सांगायला त्यांना कागद लागला नाही. मॉन्ट्रियलसमोर, नदीच्या दक्षिण काठावर, काह्नावाके ही त्यांची वस्ती आजही नांदते आहे. सेगँचे वंशज आणि ते, दोघे शेजारी आहेत.

मूळपुरुष सापडला, की आपण त्याला हार घालतो. घालावाही. गोठवणाऱ्या थंडीत जंगल तोडून त्याने आणि झानने घर उभे केले, ते काही थोडे नव्हे. पण तो कोणाच्या जमिनीवर उभा होता, हेही त्याच वृत्तांतात लिहिले पाहिजे. जमेची बाजू दोन प्रतींत लिहायची आणि नावेची कोरी ठेवायची, असा ताळेबंद कोणताही हिशेबनीस मंजूर करणार नाही. कुळाचाही करू नये.