जांघेतील लचक आणि खेळाडू

इंदूरच्या एखाद्या मैदानावर सायंकाळी खो-खो रंगात आलेला असतो. पाठलाग करणारा गडी खांबाला वळसा घालतो आणि एकाएकी त्याचा हात जांघेकडे जातो. खांबापाशी नेमके काय घडते? वेगात असलेले शरीर एका बाजूस झुकते, बाहेरचा पाय फाकून जमिनीत रोवला जातो, आणि मांडीच्या आतील अंगाचे स्नायू ताणले जात असतानाच शरीर सावरण्यासाठी त्यांना आवळूनही धरावे लागते. हे स्नायू मुख्यतः पाच. त्यांतील एक लांबट स्नायू ओटीपोटाखालच्या हाडाला जेथे चिकटतो, तेथेच बहुधा इजा होते.

पुढचा क्रम ठरलेला. तेल चोळावयाचे, शेकावयाचे, पंधरा दिवस पडून राहावयाचे. दुखणे ओसरते, गडी मैदानात उतरतो आणि आठवड्याच्या आत पुन्हा लंगडू लागतो. दुखणे थांबले म्हणजे बळ परत आले, ही समजूत येथे घात करते. विश्रांतीने वेदना शमते, पण स्नायू अधिकच दुबळा होतो. अशा फेऱ्यांत होतकरू खेळाडूचे हंगामच्या हंगाम वाया जातात.

डेन्मार्कमधील डॉक्टर होल्मिश व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. जांघेच्या जुनाट दुखण्याचे ६८ खेळाडू त्यांनी घेतले. एका गटास मालिश, ताण देणे व विद्युत्-उपचार; दुसऱ्यास पद्धतशीर व्यायाम. अखेरपर्यंत टिकलेल्यांत व्यायाम करणाऱ्या २९ पैकी २३ खेळाडू वेदनेवाचून पूर्वीच्याच जोमाने खेळू लागले. दुसऱ्या गटात ३० पैकी अवघे ४. इतका फरक उपचारशास्त्रात क्वचितच आढळतो.

आरंभाचा व्यायाम अगदी साधा आहे. उताणे निजावे, पावलांमध्ये फुटबॉल धरावा आणि तो तीस सेकंद दाबून ठेवावा. असे दहा वेळा. मग हाच प्रकार गुडघे वाकवून, चेंडू गुडघ्यांमध्ये धरून करावा. पुढे कुशीवर निजून खालचा पाय उचलणे, पोटाचे व्यायाम, एका पायावर तोल सांभाळणे, आणि त्यानंतर पाय बाजूला सरकवण्याचे व्यायाम. हे सारे आठ ते बारा आठवडे चालते. किंचित दुखले तर भिऊ नये. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले असेल, तर एक पायरी मागे यावे. जांघ ओढून ताणण्याचा मोह मात्र आवरावा. त्या प्रयोगातही व्यायाम करणाऱ्यांना तो ताण वर्ज्य होता.

आपल्याकडे एक गोष्ट सोयीची आहे. मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये ज्याला राज्यक्रीडेचा मान दिला, त्या मलखांबावरची अढी याच स्नायूंच्या बळावर टिकते. धडधाकट खेळाडूने ती अवश्य शिकावी. दुखावलेल्याने मात्र प्रारंभीच खांबाला मिठी मारू नये. चेंडू दाबता येत नाही त्याला अढी कशी पेलणार?

प्रत्येक जांघदुखी स्नायूचीच असते, असेही नाही. खोकताना फुगवटा दिसणे, झोप मोडणारी वेदना, ताप, किंवा वाढत्या वयाच्या मुलाचे लंगडणे, यांपैकी काही असल्यास व्यायामास हात न घालता तत्काळ डॉक्टर गाठावा. ‘कट्’ असा आवाज होऊन मांडी काळीनिळी पडली, तरीही तसेच करावे.

मैदानावर परतणेही पायरीपायरीने. प्रथम सरळ रेषेत हलके धावणे, मग वेग, मग बैठकीतून उठून झेपावणे, त्यानंतर नागमोडी धाव. पूर्ण जोराने चेंडू दाबला तरी जांघ दुखत नाही, दोन्ही पायांचे बळ सारखे भासते, असे झाल्यावरच खांबाचा वळसा घ्यावा; तोही आधी संथपणे, एकट्याने, पुढे कोणी पळत नसताना.