कुजणं कोणतं आणि पिकणं कोणतं : सोतेर्नची गोड वाईन

मागच्या वेळी आपण ‘गुण वस्तूत असतो की परिस्थितीत’ या प्रश्नापाशी थांबलो होतो. आज तोच प्रश्न पुढे नेऊ, पण एका वाईनच्या वाटेने. काही भुवया वर गेलेल्या दिसताहेत. असू द्या. न पिणाऱ्यांनीही ऐकायला हरकत नाही, कारण गोष्ट मुळात द्राक्षाची आणि बुरशीची आहे.

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला बोर्दो शहर आहे. तिथून साधारण ४० किलोमीटरवर, गारोन नदीच्या काठाकाठाने वर गेलं की सोतेर्न हा पाच गावांचा टापू लागतो. सिरों नावाची एक छोटी नदी, झाडांच्या सावलीतून येणारी आणि म्हणून गार पाण्याची, इथे गारोनला मिळते. गारोनचं पाणी त्या मानाने कोमट. शरदात रात्री गारवा आला की या संगमाच्या आसपास धुकं धरतं, सकाळभर मळ्यांवर बसून राहतं आणि दुपारच्या उन्हात विरून जातं. सगळी मेख या दिनक्रमात आहे.

नाशिक-सांगलीकडच्या बागायतदाराला विचारा, धुकं पडलं की त्याला झोप लागत नाही. डावणी येईल, भुरी येईल, फवारणीचा खर्च वाढेल. सोतेर्नचा मळेवाला मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरात धुक्याची वाट पाहतो. त्याला हवी असते बोट्रायटिस सिनेरिया नावाची बुरशी. सिनेरिया म्हणजे राखेच्या रंगाची. धुक्याच्या ओलाव्याने ती पिकलेल्या द्राक्षावर रुजते आणि सालीला नजरेला न दिसणारी छिद्रं पाडते. दुपारी हवा कोरडी झाली की तिची वाढ आवरते आणि त्याच छिद्रांतून मण्यातलं पाणी उडून जातं. मणी आधी सोनेरी, मग जांभळट-तपकिरी, मग सुरकुतलेला. पाऊस लागून राहिला, ऊन आलंच नाही, तर हीच बुरशी फळ फोडते आणि घड सडतो. म्हणजे पाहा, बुरशी एकच. एका हवेत तिला ‘करडी सड’ म्हणायचं आणि दुसऱ्या हवेत ‘उमदी सड’. फ्रेंचमध्ये पुरित्यूर नोब्ल. हा उमदेपणा बुरशीच्या अंगचा नव्हे. पिकलेलं फळ, पातळ साल, सकाळचा ओलावा आणि दुपारचं ऊन, हे सगळं जुळलं तरच तो असतो. पातळ सालीसाठी तिथे सेमियों जातीची द्राक्षं मुख्य, जोडीला थोडी सोव्हिन्यों ब्लां.

इथे कोणीतरी म्हणेल, पाणी उडालं म्हणजे बेदाणाच झाला की. नाही. बेदाण्यात आहे तेच आटतं. इथे बुरशी स्वतः जेवते. थोडी साखर खाते, आम्ल त्या मानाने जास्त खाते, आणि बदल्यात ग्लिसरॉल आणि काही नवी गंधद्रव्यं मागे ठेवते. मूळ द्राक्षात जे नव्हतंच तेही त्यात येतं.

आता तोडणी. एका घडातले सगळे मणी एकाच दिवशी तयार होत नाहीत. त्यामुळे मजूर त्याच ओळीतून पाच-सहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा फिरतात आणि दर खेपेला तयार झालेला तेवढाच भाग कापतात. शातो दिकेम या तिथल्या सर्वांत नामांकित मळ्याबद्दल म्हणतात की एका वेलीमागे एक पेला वाईन निघते. प्रत्येक खेपेला प्रश्न तोच : आज तोडावं की आणखी चार दिवस थांबावं? थांबलं आणि पाऊस आला, तर वर्ष गेलं. १९९२ आणि २०१२ साली या मळ्याने आपल्या नावाने ही वाईन बाजारात आणलीच नाही. १८५५ सालच्या वर्गवारीत सोतेर्नमध्ये सर्वांच्या वर एकट्याला बसवलेला हा मळा. वर्षभराचं उत्पन्न सोडून द्यायला काळीज लागतं, बरं का.

अशा द्राक्षांचा रस काकवीच्या जवळ जाणारा दाट असतो. लिटरला साखर सुमारे ३५० ग्रॅम. यीस्टला एवढ्या साखरेत जगणं जड जातं. ते सावकाश काम करतं, आणि अल्कोहोल १३-१४ टक्क्यांवर आलं की थकतं, किंवा वाईन करणारा गंधकाचा डायऑक्साइड घालून त्याला थांबवतो. उरलेली साखर, लिटरला १०० ते १५० ग्रॅम, हीच तिची गोडी. पुढे ओकच्या पिंपात वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहूनही जास्त.

चाखण्याबद्दल आमचीच फजिती सांगतो. एका परिसंवादासाठी बोर्दोला गेलो होतो. यजमानांच्या घरी जेवणानंतर केकबरोबर ही वाईन आली. आम्ही आधी केक खाल्ला, मग घोट घेतला, आणि मनात म्हटलं, एवढा गाजावाजा या आंबट पाण्याचा? दुसऱ्या दिवशी तीच बाटली रोकफोर या खारट, निळ्या बुरशीच्या चीजबरोबर घेतली. तेव्हा मध, जर्दाळू, संत्र्याची साल, थोडं केशर, एकामागून एक सगळं उलगडत गेलं. वाईन तीच होती. नियम सोपा आहे : सोबतचा पदार्थ वाईनपेक्षा गोड नसावा.

कांटने कॅनरी बेटांच्या वाईनचं उदाहरण देऊन सांगितलं की ती आवडते एवढंच मला म्हणता येतं, ती सर्वांना आवडायलाच हवी असा दावा करता येत नाही. ठीक. पण आमचा पहिल्या रात्रीचा निकाल ही निव्वळ आवड नव्हती, ती चूक होती, आणि ती दुरुस्त करता आली. कांटच्या त्या वाक्यात आम्हाला एवढी फट दिसते.

चाखताना गोडीच्या खाली आंबटपणा शोधा. सुधारसात लिंबू कमी पडलं की तो कसा मिट्ट लागतो! इथेही तसंच. आंबटपणा उभा नसेल तर दुसरा घोट नकोसा होतो. १० ते १२ अंशांना द्यावी. फार गार केली तर वास मिटतो. पेला लहान, माणशी ६०-७० मिलिलिटर पुष्कळ. म्हणूनच ती ३७५ मिलिलिटरच्या अर्ध्या बाटलीतही मिळते. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये काही दिवस चांगली राहते.

चिठ्ठीतून एक प्रश्न आलाय : घरी टोपलीतल्या द्राक्षांना बुरशी आली तर तीही उमदी म्हणायची का? नाही हो. ती द्राक्षं टाकून द्या.