वाहनावरील आकाशक : निवड व जोडणी

क्षेत्रपाहणीस निघणारा अभ्यासक ध्वनिमुद्रक व प्रश्नावली घेण्यास विसरत नाही. वाहनातील रेडिओकडे मात्र त्याचे लक्ष क्वचितच जाते. शहापूर-मुरबाडच्या डोंगराळ भागात रेडिओ ही चैनीची वस्तू नव्हे. कातकरी व ठाकर बोलींच्या नोंदींसाठी एका आषाढात आमचा मुक्काम भातसानगरला होता. किन्हवली, सरळगाव या वाटेने माळशेजकडे जाताना जीपमधील रेडिओ नुसता खरखरत राहिला, मोबाईलही मुका झाला. आणि दरड कोसळून घाट बंद झाल्याचे मोरोशीस पोचल्यावरच कळले. परततेवेळी ओढ्यांना पाणी चढले होते. पुढे तपासणी करता यंत्र निर्दोष निघाले. दोष होता तो आकाशकाच्या, म्हणजे व्यवहारात ज्यास अँटेना किंवा एरियल म्हणतात त्याच्या, जोडणीत. म्हणून हे टिपण.

आकाशकाची लांबी तरंगलांबीवर अवलंबून असते. स्वनविज्ञानाच्या विद्यार्थ्यास हे तत्त्व परके नाही. प्रौढ पुरुषाचा कंठापासून ओठांपर्यंतचा मार्ग सुमारे १७ सेंटिमीटर लांब, एका टोकास बंद व दुसऱ्या टोकास उघडा असतो. ही लांबी ५०० हर्ट्झच्या ध्वनितरंगाचा चतुर्थांश होय. म्हणून तटस्थ स्वराचा पहिला अनुनाद ५०० हर्ट्झच्या आसपास येतो. उभ्या दांड्याच्या आकाशकाचेही असेच आहे. एफ. एम. प्रक्षेपणात १०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी ३ मीटर असते. तिचा चतुर्थांश ७५ सेंटिमीटर. तेवढा दांडा त्या कामी उत्तम ठरतो. मध्यम लहरींवर १००० किलोहर्ट्झची तरंगलांबी ३०० मीटर भरते. तिचा चतुर्थांश कोणत्याच वाहनावर मावणार नाही. तेथे आखूड दांड्यावरच भागवावे लागते. तथापि मध्यम लहरी भूपृष्ठाला धरून दूरवर जातात, तर एफ. एम. लहरी डोंगराआड क्षीण होतात. म्हणून या भागात दोन्ही पट्टे घेणारा रेडिओ व पाऊण ते एक मीटर लांबीचा दांडा निवडावा.

परंतु दांडा हा आकाशकाचा अर्धाच भाग होय. उरलेला अर्धा भाग वाहनाचा धातूचा सांगाडा पुरवितो. ही गोष्ट ध्यानी न घेता केवळ महागडा दांडा आणणे व्यर्थ आहे. धातूच्या छपराचा मध्य ही सर्वोत्तम जागा. तेथे सर्व दिशांकडून ग्रहण जवळजवळ सारखे होते. कापडी छताच्या जीपला मात्र छप्पर उपयोगी नाही. तिथे बॉनेटच्या बाजूचा मडगार्ड बरा.

छिद्र पाडल्यावर बैठकीखालचा रंग आतल्या बाजूने चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडावा, दातेरी वॉशर घालून नट आवळावा, गंज चढू नये म्हणून सांध्यास व्हॅसलीन लावावे व वरून रबरी गॅस्केट बसवावे. आमच्या जीपमध्ये हा रंगच खरवडलेला नव्हता. चुंबकी बैठकीस छिद्र लागत नाही, पण ॲल्युमिनियमवर ती चिकटत नाही व रानवाटेवर फांदीच्या फटक्याने निघून येते. शिवाय मध्यम लहरींस ती फारशी साथ देत नाही. केबल जोड देऊन लांबवू नये. आखूड दांड्याने मिळविलेला अल्प संकेत तिच्यातच खर्ची पडतो. तिला आत शिरण्यापूर्वी खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तेथूनच ठिबकून जाते.

शेवटी परीक्षा. प्रथम इंजिन बंद ठेवून ऐकावे, मग सुरू करून. खरखर इंजिनाबरोबर सुरू झाली तर आकाशकाची केबल रेडिओपासून काढून पाहावी. तरीही ती टिकली तर दोष वीजपुरवठ्याच्या तारेतून येतो. थांबली तर आकाशकातून. दुसऱ्या प्रकारात केबल प्रज्वलनाच्या तारांपासून दूर न्यावी आणि बॉनेट व सांगाडा विणीव तारेच्या पट्टीने जोडावेत.

रंग खरवडून घेतल्यावर तोच दांडा, तोच रेडिओ घेऊन आम्ही पुन्हा त्याच वाटेने गेलो. या खेपेस टोकावड्याच्या पुढेही बातम्या स्पष्ट ऐकू आल्या.