लेखांक ७ : लांबच्या वाटेने लवकर

मागच्या लेखांकात पृथ्वीगोलावर दोरा ताणून आपण दोन शहरांमधलं अंतर मोजलं. त्या रीतीने दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,४०० किलोमीटर भरतं. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला, तर प्रवास पावणेचौदा तासांचा. मुलांना भेटायला बे एरियात निघालेले आईवडील हाच हिशेब मांडतात आणि तिकीट हातात आलं की चक्रावतात.

एक तर, दोऱ्याच्या रेघेवरून विमानाला जाताच येत नाही. दिल्ली सोडली की ती रेघ हिमालय ओलांडून थेट तिबेटच्या पठारावर चढते. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला झटपट दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, कारण डोक्यावरून लोंबणाऱ्या मास्कमधला प्राणवायू थोड्या मिनिटांपुरताच असतो. तिबेटात जमीनच सरासरी चौदा हजार फुटांच्या वर! खाली यायचं तरी कुठे? म्हणून बहुतेक विमानं पठाराला वळसा घालतात.

पण खरी गंमत वाऱ्याची आहे. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये ही थेट सेवा सुरू केली, तेव्हा विमान पश्चिमेला, अटलांटिकवरून जायचं. वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची, वेळ सोळा तासांच्या आसपास. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेच विमान पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. वाट १५,३०० किलोमीटर झाली आणि प्रवास साडेचौदा तासांत संपला. चौदाशे किलोमीटर जास्त कापूनही सुमारे दीड तास आधी!

नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. विषुववृत्ताकडची उष्ण हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांतल्या तफावतीतून ते जन्मतात आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळतात. हिवाळ्यात ही तफावत वाढते, तसा त्यांचा जोरही वाढतो. आता त्या पॅसिफिकच्या फेरीचा सरासरी वेग काढून पाहा. तो येतो ताशी साधारण १,०५५ किलोमीटर. इंजिनं मात्र नेहमीइतकीच चालत होती. प्रवाहाबरोबर निघालेल्या होडीसारखं विमान ज्या हवेत उडत होतं, ती हवाच पूर्वेला सरकत होती. साडेचौदा तासांत विमानाने हवेतून कापलं जेमतेम १३,००० किलोमीटर, बाकीचं वाऱ्याने पार करून दिलं. इंधन जळतं ते या हवेतल्या अंतरासाठी. म्हणूनच, नुसते जमिनीवरचे किलोमीटर देणारी कोष्टकं मला अपुरी वाटतात.

परतीला अटलांटिकवरून आलं, तर तोंड पुन्हा पूर्वेलाच राहतं, वारा पुन्हा पाठीशी असतो आणि जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण होते.

राहिलं तिकिटावरचं घड्याळ. ऑक्टोबरात कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं. दिल्लीहून पहाटे चारला उडालेलं विमान साडेचौदा तासांनी तिथे त्याच तारखेला सकाळी सहाला उतरतं. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना एक दिवस मागे जातो. घरून निघालेल्यांनी औषधांच्या वेळा या घड्याळावर लावू नयेत, प्रवासाचे तास मोजून डॉक्टरांना विचारून घ्याव्यात.

जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला आलेलं विमान उत्तर ध्रुवावरून आलं होतं. त्या वाटेची थंडी इंधनालाही बाधते. ते पुढच्या आठवड्यात.