आधी ऑक्सिजन बघा, मग मला बोलवा

टाळेबंदी लागली तेव्हा लोकांना वाटलं, आता मानसोपचारवाल्यांकडे भीतीने खचलेल्यांची रांग लागणार. आमच्या सिव्हिलमध्ये आधी आले ते दारू तुटलेले.

मार्च २०२० संपत आला होता. कॅज्युअल्टीत चाळिशीतला एक गवंडी अंगावरच्या नसलेल्या मुंग्या झटकत होता. खाटेखाली पोलीस लपलेत म्हणत होता. बायको रडकुंडीला आलेली. "मॅडम, बाहेरचं झालंय हो. परवापर्यंत चांगले होते." परवापर्यंत घरात बाटली होती, एवढाच फरक.

रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूची गुंगी गृहीत धरून कायम जास्त वेगाने चालतो. दारू अचानक बंद झाली की तो वेग आवरत नाही. आधी हात लटलटतात, घाम फुटतो, झोप उडते, कुणाला फिट येते. दोन-चार दिवसांत भास सुरू होतात, ताप चढतो, आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. लोराझेपामसारखं औषध मापात दिलं की तो शांत होतो. सोबत थायमिनचं इंजेक्शन हवं आणि तेही ग्लुकोजच्या सलाईनआधी, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. केरळ सरकारने तेव्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू द्यायचं ठरवलं आणि तिथल्या उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. दारूची चिठ्ठी लिहिणं मला पटलं नसतं. पण दुकानाला टाळं ठोकताना पिणाऱ्याचं काय होईल, हा प्रश्न निदान त्या सरकारला पडला होता. वर्षभराने, एप्रिल २०२१ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायलेली माणसं मेली.

मग कोविड वॉर्डातून रात्री-अपरात्री फोन यायला लागले. "मॅडम, पेशंट मास्क ओढतोय, शिव्या देतोय. झोपेचं इंजेक्शन सांगा." माझा पहिला प्रश्न ठरलेला : सॅच्युरेशन किती? पुष्कळदा ते घसरलेलं असायचं. मेंदूला प्राणवायू कमी पडला की शांत स्वभावाचे मास्तरसुद्धा शिवराळ होतात. अशा माणसाला गुंगीचं औषध देऊन गप्प केलं, तर उरलेला श्वासही मंदावतो. कधी साखर वाढलेली असायची, कधी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने झोप उडून बडबड वाढलेली. त्यात समोर पांढऱ्या किटमधली, चेहरा नसलेली माणसं. आधीच संशयाने ग्रासलेल्याला ती कोण वाटणार? आमच्या सिस्टर किटवर मार्करने मोठ्या अक्षरांत नाव लिहायच्या आणि "मामा, मी अमुक, तुम्ही दवाखान्यात आहात" असं पुन्हा पुन्हा सांगायच्या. गोळीइतकंच ते कामाला यायचं.

जुन्या पेशंटांची गाडी एसटीबरोबरच थांबली. गोळ्या संपल्या, आजार उलटले. २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि बऱ्याच जणांना व्हॉट्सअॅपवर चिठ्ठी पाठवता आली. पण क्लोझापिनसारखी, नियमित रक्ततपासणी लागणारी गोळी घेणाऱ्याची तपासणी व्हॉट्सअॅपवर कशी करणार?

या सगळ्यात सर्वांत जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे "आमच्याकडे सायकियाट्रिस्ट नाही, पुढे न्या." ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी, राज्याची मनोरुग्णालयं ही चार. गडचिरोलीच्या माणसाने जिल्हाबंदीत पुढे म्हणजे कुठे जायचं? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ९४ फारसं कुणी वाचत नाही. जिवाला धोका असेल तर कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे मानसोपचार देऊ शकतो, जवळचा माणूस हजर असेल तर त्याच्या संमतीने. मुदत ७२ तासांची, सरकारने आपत्ती जाहीर केली असेल तर ७ दिवसांपर्यंत. विजेचा शॉक मात्र त्यात देता येत नाही. म्हणजे साथीचा विचार कायद्याने आधीच केला होता, आपणच तो वापरला नाही.

मन मोकळं करायचं असेल, सल्ला हवा असेल, तर आता टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. पण घरातलं माणूस अचानक असंबद्ध बोलू लागलं, भास होऊ लागले, तर देवऋषी नको आणि समुपदेशनही नंतर. १०८ ला फोन करा आणि शेवटची दारू कधी घेतली होती, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे डॉक्टरांना न लाजता सांगा.